उजवीकडची घळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्यांच्यासोबत इतकी वर्षं डोंगर चढलो त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, पण एक अट आहे. ऐकता ऐकता मला समजून घ्यावंसं वाटलं तर तिथेच थांबा. मला ते नको.

मी अंबरनाथजवळच्या मोरिवलीचा. आमची भातजमीन कारखान्यांत गेली, आणि तिथल्याच एका कंपनीत मी फिटर म्हणून चिकटलो. रविवारी मात्र डोंगर. ऐंशीच्या दशकात अंबरनाथ-बदलापूरच्या आम्ही पंधरा-वीस जणांनी एक गट केला होता आणि त्याचा म्होरक्या मी. जिथे वाट नाही तिथून माणसं न्यायची, हा माझा तोरा. होकायंत्र गळ्यात अडकवून फिरायचो — बाजारातसुद्धा! हसा. मला त्या माणसाचा आता नुसता संताप येतो.

मग सुधाकर आला. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, एका सिंधी सेठच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. सडपातळ, कमी बोलणारा. नकाशा वाचायला मीच शिकवला त्याला. चार महिन्यांत तो माझ्या पुढे गेला. दिवसभर कापडावर नजर लावून बसणारा माणूस — डोंगराची एकेक घडी त्याला लांबून उलगडायची. पाणी इथून उतरतंय म्हणजे वाट पलीकडून असणार, म्हणायचा. असायची. दर वेळी असायची. लोक प्रश्न मला विचारायचे आणि उत्तरासाठी बघायचे त्याच्याकडे. तुम्हाला वाटतं हे मला दिसत नव्हतं?

तो बौद्ध होता. हे इथे कशाला, असं विचाराल. सांगतो. पण आत्ता नाही — थोडं पुढे गेल्यावर.

बदलापूरच्या मागच्या रांगेत गेलो होतो. ऑक्टोबरचं ऊन, गवत छातीपर्यंत, आणि कारवी अशी माजलेली की दोन हातांवरचं दिसेना. आम्ही बारा जण. त्यात नलिनीताई होत्या — बदलापूरच्या एका शाळेत शिकवायच्या, चाळिशीच्या, गटातल्या सगळ्यांत हौशी. माथ्यावरून उतरायचं होतं. बाकीच्यांना टाक्यापाशी पाणी प्यायला बसवलं आणि मी नि सुधाकर वाट बघायला पुढे गेलो. दोघंच. हे ध्यानात ठेवा — दोघंच होतो.

पुढे उजवीकडे एक घळ होती, रुंद, सोपी वाटणारी. डावीकडे डोंगराची एक सोंड उतरत होती, कारवीने गच्च भरलेली. सुधाकरने दोन्हीकडे नजर फिरवली. मग म्हणाला, "पाटील, घळीत नको. खाली कडा आहे. सोंडेने उतरू, वेळ लागेल पण उतरू."

मला हे ठाऊक होतं का?

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नव्हतं. कारवी होती, दिसत नव्हतं, कोणाचीही चूक झाली असती. खोटं आहे ते. सकाळी खालच्या शेताडीतून चढताना त्या घळीच्या खालच्या तोंडाशी काळा उभा कातळ मी बघितला होता. स्वच्छ बघितला होता. सुधाकरने तोंड उघडायच्या आधी मीही सोंडच म्हणणार होतो. पण तो आधी बोलला. आणि त्याच्या तोंडून निघालेल्या वाटेने बारा माणसं खाली उतरणार, हे मला सहन होईना. एवढंच. यापेक्षा मोठं कारण नाही.

परत येऊन मी सगळ्यांना सांगितलं, "उजवीकडची घळ."

आमच्यात एक नियम होता — मतभेद असेल तर तो म्होरक्याला बाजूला सांगायचा, लोकांसमोर नाही. लोक घाबरतात. नियम माझाच. सुधाकरने तो पाळला. फक्त एकदा हळूच विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

तासाभराने घळ संपली. समोर हवा. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, पावसाने दरड गेलेली दिसते. मग परत वर चढायला लागलो, दुपारच्या उन्हात, सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून. नलिनीताईंच्या पायाखालचा दगड निसटला. दहा-बारा फूट गेल्या. डाव्या मांडीचं हाड मोडलं. त्यांची किंकाळी मला आठवत नाही — त्या ओरडल्याच नाहीत, नुसत्या "आई, आई" म्हणत राहिल्या, हळू आवाजात, वर्गात हजेरी घ्यावी तशा.

पायाला काठ्या बांधल्या. सुधाकरने त्यांना पाठीवर घेतलं, त्यांच्याच जादा साडीने त्यांना स्वतःशी बांधून घेतलं. आणि घळीतून वर येऊन त्याच डावीकडच्या सोंडेने आम्ही उतरलो. मी पुढे कोयत्याने कारवी तोडत होतो आणि तो मागून, त्या ओझ्याखाली वाकलेला, धापा टाकत सांगत होता — "डावीकडे घे... आता सरळ... थांब, खाली बघ." दुसऱ्या कोणाच्या पाठीवर त्याने त्यांना जाऊ दिलं नाही. तीन तास. पायथ्याच्या वाडीतली माणसं धावत आली तेव्हा सगळ्यांत पुढे कोण दिसलं त्यांना? मी. हातात कोयता, गळ्यात होकायंत्र. त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले!

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. नलिनीताईंचे यजमान आले होते, रागाने थरथरत. त्यांनी विचारलं, ही वाट ठरवली कोणी?

मी म्हणालो, "सुधाकर वाट बघून आला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला."

तो समोरच बसला होता. सगळे त्याच्याकडे वळले. तो म्हणाला, "मी काय सांगितलं होतं ते पाटलांना माहीत आहे." बस. नियम मोडून टाक्यापाशीच सगळ्यांसमोर बोलला असता तर अकरा साक्षीदार असते. नियम पाळला म्हणून एकही नव्हता — आणि जो होता तो मी.

मग कोणीतरी म्हणालं, "ह्या लोकांच्या हातात जबाबदारी दिली की असंच होतं."

कोणीतरी? बघा, अजूनही जमत नाही मला. कोणीतरी नाही. मी म्हणालो. माझ्या आवाजात, माझ्या तोंडाने. सगळ्यांना कळलं 'ह्या लोकांच्या' म्हणजे कोणाच्या. कटिंग मास्टरांच्या नव्हे. कोणी मान हलवली, कोणी चहाच्या कपात बघत बसलं. खोटं पटवायला मला पुरावा लागला नाही, ते एक वाक्य पुरलं. आणि ते पुरेल हे मला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर म्हणालो.

सुधाकर उठला, दाराशी चपला घातल्या आणि गेला. गटात परत आला नाही. दुसऱ्या एका गटाने त्याला बोलावलं होतं, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे चौकशी केली. मी काय सांगितलं असेल ते तुम्ही ओळखलंत. नलिनीताई काठी घेऊन चालू लागल्या, शाळेत जिने चढावे लागतात म्हणून नोकरी सोडली. मी दिवाळीला जायचो भेटायला. त्या मला फराळ द्यायच्या आणि म्हणायच्या, "बिचारा, त्याचं चुकलं पण पाठीवर घेऊन आला हो मला." मी करंजी खायचो. त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. हेच मनात धरून गेल्या.

एकदाच भेटला तो नंतर. नव्वद उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. कॅम्प तीनमधून शेअर रिक्षात बसलो, तर शेजारी तो, आणि त्याच्या पलीकडे शाळेच्या गणवेशातली त्याची मुलगी. मला बघून त्याने मुलीचं दप्तर मांडीवर ओढून घेतलं. मुलीने विचारलं, "पप्पा, हे कोण?"

"हे डोंगरात लोकांना घेऊन जातात."

"तुम्ही पण जायचात ना? आई सांगते."

तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "नाही गं. मला डोंगरातलं काय कळतंय."

मुलगी माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे एक वाक्य होतं, तिला द्यायला. फार मोठं नव्हतं, पुढच्या चौकापर्यंत दहा वेळा बोलून झालं असतं. मी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "भैया, इधरही रोको." आणि उतरलो. मला जायचं होतं ते ठिकाण अजून बरंच पुढे होतं.