‘परत सांगा’ सर

आमच्या सरांना रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘देव’ म्हटलेलं चालत नसे. कुणी पायाशी वाकलं, की सर मागे सरकत आणि म्हणत, "आधी बसा. मी काय सांगितलं ते मला परत सांगा." धुळ्याच्या आमच्या अपघात विभागात त्यांचं नावच ‘परत सांगा सर’ पडलं होतं. मी त्यांच्या हाताखाली सर्जरी शिकले. त्या दोन शब्दांनी मी जितकी वैतागले तितकी दुसऱ्या कशानेच वैतागले नाही.

सर एक अभ्यास करत होते. हायवेवरचा अपघात असो की बैलाचं शिंग, आतडं फाटलं की पोटात घाण पसरते. आतलं शिवून झाल्यावर वरची कातडी लगेच शिवावी, की काही दिवस उघडी ठेवून मग शिवावी? दोन्ही पद्धती चालतात. जखम कशाने कमी चिघळते, हे आमच्याकडे कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. म्हणून घरच्यांची संमती घ्यायची आणि बंद पाकिटातल्या चिठ्ठीत दोन्हींपैकी जी पद्धत निघेल तसं करायचं.

घोडं अडायचं ते इथे. सर स्वच्छ सांगत, "यातलं कोणतं बरं, ते मला माहीत नाही." झालं! मोठा डॉक्टरच असं म्हणतोय म्हटल्यावर माणसं एकमेकांकडे बघायची, पेशंटला नाशिकला हलवायच्या गोष्टी करायची. अभ्यासाचा आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आम्ही म्हणायचो, "सर, सही देतायत ना, घेऊन टाकू या." सर म्हणत, "न कळता दिलेली सही माझ्या काय कामाची?" आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसत. आमचे पाय तुटायचे, पण त्यांचा पट्टा चालूच.

एकदा शिंदखेड्याकडचे एक आबा आले. त्यांच्या मुलाच्या पोटात बैलाने शिंग खुपसलं होतं. आबांनी काही ऐकूनच घेतलं नाही, सरळ अंगठा पुढे केला. "तुम्ही आमना देव शेतस. कोठे ठोकू ते सांगा."

सर दमून स्टुलावर बसले. ते मूळचे त्याच भागातले. म्हणाले, "देवले चिठ्ठी टाकनी पडत नही, आबा. माले पडस."

आबांनी पुढे केलेला अंगठा मागे घेतला. "मंग तुमलेबी माहीत नही?"

"नही."

"मंग चिठ्ठी नको. तुमना हातले जशी सवय शे तशी करा."

सरांनी मान डोलावली, पाकीट बाजूला ठेवलं आणि हात धुवायला गेले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. कितीतरी दिवसांनी अभ्यासात बसणारा रुग्ण आला होता आणि सरांनी तो स्वतःच्या तोंडाने घालवला.

सर निवृत्त झाले तेव्हाही अभ्यास अर्धवटच होता. तो माझ्या गळ्यात पडला. जाताना म्हणाले, "संपव गं. घाई मात्र करू नको." ही दोन्ही एकदम कशी करायची, ते काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी सरांनाच स्ट्रेचरवरून आणलं. रस्ता ओलांडताना मोटारसायकलचं हँडल पोटात बसलं होतं. आतडं फाटलेलं, पण शुद्ध होती. मी म्हटलं, "सर, अभ्यास तर तुमचाच. सही करता ना?"

"आधी सांग," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. त्यांनी धापा टाकत ते परत सांगितलं. ‘डॉक्टरला माहीत नाही’ इथपर्यंत आले आणि थांबले. माझा हात घट्ट धरला.

"भीती वाटते गं हे ऐकून. इतकी वर्षं लोकांना सांगत होतो. असं आडवं पडून कधी ऐकलं नव्हतं." मग हळूच म्हणाले, "चिठ्ठी नको. तुझ्या हाताला सवय आहे तसं कर."

मी पाकीट बाजूला ठेवलं. कातडी उघडी ठेवली. ती सवय त्यांनीच लावलेली. सर त्यातून उठले नाहीत. दुसऱ्या रीतीने केलं असतं तर वाचले असते का, ते मला माहीत नाही.

अभ्यास अजून चालूच आहे. सरांची फार आठवण येते, कधी कधी रागही येतो. हल्ली नातेवाइकांना सगळं सांगून झालं, की मी एक वाक्य जास्तीचं बोलते, "हे ऐकून भीती वाटेल. चिठ्ठीला नाही म्हणालात तरी इलाजात कसूर होणार नाही." मग सरांच्या स्टुलावर बसते आणि म्हणते, "आता मला परत सांगा."