दयाळाची शिकवणी

राग आला की काही माणसं आदळआपट करतात आणि मोकळी होतात. माझं तसं नाही. मी रागावले की प्रसंग बारीकसारीक तपशिलासकट डोक्यात बसतो, आणि मग वर्षानुवर्षं तिथून हलत नाही. असे इतके प्रसंग साठलेत की आता आम्ही जुनी प्राध्यापक मंडळी जमलो, की चहा यायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "बाई, तुमचा तो दयाळ होऊन जाऊ दे." मी सांगते, ते पोट धरून हसतात. हसण्यासारखं त्यात काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. मी सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. विभागात बाई म्हणावी अशी मी एकटीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत इमारतीला रंग द्यायला माणसं आली आणि त्यांनी भिंतीतलं एक भोक बुजवायला घेतलं. त्या भोकात दयाळाचं घरटं होतं. काळापांढरा, शेपटी वर करून गाणारा तो दयाळ. घरटं ओढून खाली टाकलं, त्यातलं एकच पिल्लू जगलं. त्याला पंखसुद्धा फुटले नव्हते.

मी ते ओंजळीत घेऊन विभागात आले. आमच्या विभागप्रमुखांना सगळे हेडसर म्हणत. त्यांना मी म्हटलं, याला वाढवते. कोयनानगरच्या दयाळाचं गाणं सहलीच्या वेळी मी टेपवर घेतलं होतं. सांगलीच्या दयाळांपेक्षा त्याची चाल वेगळी आहे. इथल्या दयाळांचा आवाज याच्या कानावर पडू द्यायचा नाही, फक्त कोयनेचा ऐकवायचा. मोठा होऊन कोयनेचं गायला, तर गाणं शिकावं लागतं हे सिद्ध होईल.

हेडसर माझ्याकडे बघून कीव आल्यासारखे हसले.

"बाई, पाखराला गाणं कोण शिकवतंय? ते रक्तातच असतं."

हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की माझ्या कानाला घट्टे पडले.

•

पिल्लाला मी फोटो धुवायच्या डार्करूममध्ये ठेवलं. लाकडी खोक्याला आतून जुन्या गादीचा कापूस लावला, वरून रजई टाकली आणि दारावर पाटी लावली : "कृपया शांतता राखावी. आत प्रयोग चालू आहे."

पाटी लावली हीच चूक झाली. त्याआधी त्या दाराकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता येणारा जाणारा प्रत्येकजण थांबून पाटी वाचायचा, तीही मोठ्यानं! एकदा संस्थेचे चेअरमन आले. उसाचे मोठे बागायतदार, शेतात चार बांध ओलांडून हाक मारायची सवय. त्यांनी दारात उभं राहून एकेक शब्द खणखणीत आवाजात वाचला, मग दार ढकललं, आत डोकं घातलं आणि त्याच आवाजात मला विचारलं, "शांतता कशासाठी हो?"

मी रजई दाबून धरली आणि तोंडातून फक्त "च्च" असा आवाज काढला. याहून जास्त काही चेअरमनना म्हणायची सोय नव्हती.

आमच्या शिपायाला, बाबूरावांना, मी सगळं समजावून सांगितलं होतं. पाखराला ऐकायचं एक वय असतं. त्या वयात कानावर पडेल ते मेंदू जपून ठेवतो. ते वय उलटलं की कितीही ऐकवा, उपयोग नाही. आत्ता याच्या हातात थोडेच महिने आहेत. बाबूरावांनी मान डोलावली.

"म्हंजी पाखराला बी शाळा हाय म्हणा की. आन् शाळा बुडली की बुडलीच."

एवढं साधं बाबूरावांना एका दमात कळलं. हेडसरांना कळत नव्हतं असं नाही, त्यांना ते पटवून घ्यायचंच नव्हतं.

•

टेपरेकॉर्डर पदार्थविज्ञान विभागाचा होता. मी तो मिनतवाऱ्या करून आणला होता. एका सोमवारी येऊन बघते, तर जागेवर नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, चेअरमनसाहेबांच्या सत्कारासाठी नेलाय, "हेडसरांनीच द्यायला सांगितलं."

दुसऱ्या दिवशी परत आला. मी टेप लावली, खोक्याजवळ धरली. कोयनेच्या दयाळाऐवजी चेअरमन बोलू लागले. "बंधू आणि भगिनींनो..." पुढं सगळं भाषण! ऊस, पाणी, शिक्षणाची गंगा. माझ्या दयाळावरच भाषण टेप केलं होतं. कोरी टेप शोधायचे कष्ट कोण घेणार?

मी तशीच हेडसरांकडे गेले. कोयनेला पुन्हा जाऊन उपयोग नव्हता, दयाळाचा गायचा हंगाम संपला होता. हेडसर म्हणाले, "एवढं काय त्यात? भाषण ऐकवा. तुमचं म्हणणं खरं असेल तर पक्षी भाषण करील."

सगळी स्टाफरूम हसली. मी म्हटलं, पाखराचा मेंदू वाटेल ते उचलत नाही. आपल्या जातीच्या गाण्याच्या जवळपासचं काय आणि निव्वळ गोंगाट कुठला, हे त्याला बऱ्यापैकी कळतं. पिल्लानं भाषणाकडे साफ दुर्लक्ष केलं होतं, चोच पंखात घालून झोपलं होतं.

बाबूराव बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "बाई, सत्काराला आमी बी तेच केलं."

•

आता उरलं काय? कोयनेचं गाणं माझ्या डोक्यात होतं, कारण ती टेप मी शेकडो वेळा ऐकली होती. दोन चढते सूर, मग एक लांब, आणि शेवटी झोकदार गिरकी. लहानपणी भावाबरोबर रानात हिंडताना मी शीळ घालायला शिकले होते, आईचा मार खाऊनसुद्धा. मग मीच शिकवायला बसले. खोक्याजवळ स्टूल घ्यायचं, किडे भरवायचे आणि शीळ घालायची. जितंजागतं कुणी समोर बसून शिकवलं, तर पाखरू टेपपेक्षा लवकर धरतं असंही वाचलं होतं.

गिरकी संपत आली की दर वेळी कुणीतरी दार उघडायचं. खडू हवाय, चावी हवीय, हेडसर बोलावतायत. माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "च्च."

आठवड्याभरात कॉलेजभर झालं की झूलॉजीच्या बाई डार्करूममध्ये बसून शीळ घालतात. डार्करूममध्ये! शीळ! एकेका शब्दाला लोकांनी वेगळा मसाला लावला. कॉलेजात पोरं दिवसभर जिन्यावर उभी राहून पोरींना बघून शिट्ट्या मारायची, त्याबद्दल कधी कुणाला मेमो गेला नाही. मला गेला. हेडसरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "बाईमाणसाला हे शोभत नाही. विद्यार्थिनींवर काय संस्कार होतील?"

मी म्हटलं, "शिट्टी मारणाऱ्या पोरांचे जे होतात, त्याहून बरे होतील."

•

त्याच महिन्यात फलटणहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. घरी सांगून येण्याऐवजी त्याच्या वडलांनी परस्पर कॉलेजात डोकवायचं ठरवलं, मुलगी नोकरीच्या ठिकाणी कशी वागते ते बघायला. बाबूरावांनी त्यांना डार्करूमच्या दारापर्यंत आणलं. आतून शीळ ऐकू येत होती.

"आत कोण आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

"बाईच हायत की," बाबूराव कौतुकानं म्हणाले. "लय भारी वाजवत्यात."

पाहुण्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मध्यस्थाकरवी निरोप आला, मुलगी शिकलेली आहे पण वळण नाही. आई पंधरवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की मुलाला गाता येतं का, हे आपण विचारलं होतं का? आईला ते पटलं नाही.

•

दिवाळीपर्यंत पिल्लाचं रूप पालटलं. पाठ काळीभोर झाली, नर ठरला. गाणारा नरच असतो, म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. पण गाणं काही येईना. आधी नुसता गप्प, मग डोळे अर्धवट मिटून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. तान्हं मूल पाळण्यात बडबडतं ना, तसं. मला आनंदानं नाचावंसं वाटत होतं. ऐकलेलं मेंदूत आधीच जमा झालं होतं, आता गळा त्याच्याशी ताडून बघत होता. चुकायचा, थांबायचा, पुन्हा करून बघायचा.

हेडसर म्हणाले, "घशाला सर्दी झाली असेल."

थंडी सरता सरता एका सकाळी मी रजई काढली आणि तो गायला. दोन चढते सूर, एक लांब, शेवटी गिरकी. कोयनेची चाल स्वच्छ उतरली होती. आणि गिरकी संपल्यावर त्यानं मान तिरकी केली आणि म्हणाला, "च्च."

मी स्टुलावर बसून रडले. माझा राग त्यानं गाण्याचाच भाग धरला होता. जसा ऐकला, जिथं ऐकला, तिथंच ठेवला.

हेडसरांना ओढून आणून ऐकवलं. ते म्हणाले, "योगायोग. रक्तातच असणार."

•

तेवढ्यात त्यांच्या वाचनात आलं, की परदेशात कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत गाण्यासाठीचे पेशींचे खास पुंजके सापडलेत, नरांत मोठे आणि माद्यांत अगदी लहान. हेडसर ते मासिक हातात घेऊन खुशीत आले. "बघा, म्हणजे बाईच्या जातीनं गाऊ नये हे निसर्गानंच ठरवलंय."

मी म्हटलं, "सर, तुमच्या या नराला गायला एका बाईनंच शिकवलंय."

त्यांना ते झोंबलं. दोन दिवसांनी त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, विद्यापीठाची कमिटी येतेय, तिच्यासमोर मांडायला काहीतरी हवं. दयाळाचा मेंदू काढून त्याच्या स्लाइड्स करायच्या. शनिवारी. डोकं उघडलं की गाणं कुठं आहे ते कळेल.

मी त्यांना विचारलं, कशाशी ताडून बघणार? न शिकलेला दुसरा दयाळ आहे का तुमच्याकडे? एकच पक्षी, त्याचा मेंदू कापून गाणं शिकलं की आपोआप आलं हे कळणार कसं? गाणारा जिवंत आहे तोवर पुरावा आहे. कापलात की राहील फक्त काचेवरचा डाग. ते म्हणाले, "भावनेला शास्त्रात जागा नाही, बाई."

भावना! गादीचा कापूस मी लावला, किडे मी पकडले, मेमो मी खाल्ला, आणि शास्त्र त्यांचं!

शुक्रवारी संध्याकाळी खोकं घेऊन मी मैदानात गेले. बाबूराव बरोबर होते. झाकण काढलं. तो कडेवर येऊन बसला, शेपटी वर केली, मला नीट बघून घेतलं आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या गुलमोहरावर गेला.

"जा रं गड्या," बाबूराव म्हणाले. "पास झालायस तू."

जूनमध्ये माझी बदली संस्थेच्या साताऱ्याच्या कॉलेजात झाली. कारणाच्या जागी "वर्तन" एवढंच लिहिलं होतं.

•

दोन वर्षांनी हेडसर साताऱ्याला प्रॅक्टिकलचे परीक्षक म्हणून आले. आता ते प्रिन्सिपॉल झाले होते. परीक्षा झाल्यावर मी चहा पुढं केला. त्यांनी कपाला हात लावला नाही. झोप न झालेल्या माणसासारखे दिसत होते.

म्हणाले, तुम्ही गेलात पण शीळ गेली नाही. पहिल्या वर्षी मैदानातून एकच यायची. मला वाटलं, तुमच्या जागी आलेल्या नव्या बाई. त्यांना मेमो दिला. त्या केबिनमध्ये रडत रडत तोंडानं नुसती फू फू करून दाखवू लागल्या, त्यांना शीळ येतच नव्हती. यंदा तर टाकीवरून येते, मुलींच्या होस्टेलवरून येते, माझ्या बंगल्यातल्या शेवग्यावरून पहाटे पहाटे येते. एक संपली की दुसरी सुरू. बाबूरावांनी हाताला धरून दाखवलं, "सायेब, बाई न्हाईत, पाखरं हायती." सगळी तरणी. शीळ एकवेळ सोसली असती. पण प्रत्येकजण शेवटी थांबतो, मान तिरकी करतो, माझ्याकडे बघतो आणि "च्च" म्हणतो.

ते खुर्चीत पुढं सरकले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "मला एवढंच सांगा बाई, ह्या पाखरांना हे शिकवतंय कोण?"