आधी नमस्कार, मग चाल

उतारवयात लेखणी हाती घेणाऱ्याने दुसऱ्याविषयी लिहावे हे धाडसच आहे. तरी क्षमा मागून आमच्या भोईवाड्यातील एका शेजाऱ्यांविषयी लिहितो.

मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेत ते दरवर्षी उतरतात. पहिल्या चालीआधी आपल्या प्रत्येक मोहऱ्याला डावीकडून स्पर्श करून ते हात कपाळाला लावतात. तेही घड्याळ सुरू झाल्यावरच. त्याआधीचा नमस्कार म्हणजे, त्यांच्या मते, देऊळ बंद असताना घेतलेले दर्शन.

यंदा अंतिम डाव माझ्याशी होता, आणि त्याला पहिल्यांदाच बाहेरचे पंच आले होते. एकदा तरी विजेत्याची ढाल मिळावी म्हणून राजापुढचे प्यादे दोन घरे चालवण्याची सुरुवात त्यांनी महिनाभर घोटली होती. त्यांनी हत्तीला, मग घोड्याला स्पर्श केला, तोच पंच म्हणाले, "काका, हत्तीला वाट नाही. पण घोड्याला हात लावलात, आता घोडाच चालवा."

"अहो, मी खेळलो कुठे? पाया पडलो!"

"नियम आहे, काका."

त्यांनी घोडा बाहेर काढला आणि पुढच्या चालीला परत घरी नेऊन ठेवला. "हं, आता सुरू करू या," असे म्हणत घोटलेले प्यादे पुढे सरकवले. तोवर माझी दोन प्यादी पटाच्या मध्यावर बसली होती. मी ते मारले, आणि पुढे डावही.

जिन्यात ते मला समजावत होते, "घोड्यावर रागावू नका हो. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक?"

पुढच्या वर्षी त्यांचा हात पुन्हा मोहऱ्यांकडे जाईल. तेव्हा मी तो धरावा का?