राणी कोठडीतून सुटेना

आमच्या ह्यांनी कादंबरी लिहिली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे हसायचं ते एकदाच हसून घ्या. माणूस कुलपं दुरुस्त करणारा. गल्लीच्या तोंडाशी कपाटाएवढं दुकान, समोर किल्ल्यांचे झुबके, आणि बोलणं इतकं कमी की गिऱ्हाइकाला वाटावं, मुकेच आहेत. अशा माणसाला एकाएकी तीनशे वर्षांपूर्वीची राणी दिसायला लागली.

दिसायची ती दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना. मग पाठकोऱ्या कागदांवर लिखाण. चार वर्षांत पाचशे पानं झाली! राणीला तिच्या दिराने गडावरच्या कोठडीत कोंडलेलं. शेवटी ती केसातला आकडा काढते, कुलूप उघडते आणि पसार होते. प्रकाशकाला हे भारी आवडलं. "महिनाअखेर पक्की प्रत द्या, छापतो. उशीर झाला तर मात्र दुसऱ्याचं पुस्तक घेईन." अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिलं पुस्तक! हे घरी आले ते जमिनीपासून चार बोटं वर.

आणि मग ह्यांच्यातला कुलुपवाला जागा झाला. त्या काळचं कुलूप आकड्याने उघडतं का, ते बघायला हवं म्हणे. अहो, कोण तपासायला येणार आहे? पण नाही! जुन्या चित्रावरून तसलंच कुलूप घडवलं, चांगलं तीन किलोचं, आणि माझे आकडे घेऊन बसले. अकरा वाकले, बारावा तुटला. मी केस पिंजारलेल्या अवस्थेत पोळ्या लाटत होते.

"नाही सुटत ती," हे म्हणाले. चेहरा असा, की घरातलंच कोणी अडकलंय.

"राणी तुमची, कुलूप तुमचं. सोडा की तिला!"

"कुलपाबद्दल खोटं नाही लिहिता येणार मला."

घ्या! आठ दिवस उरलेले आणि हे प्रकाशकाचा फोनही उचलेनात. जेवणखाण सुटलं. मला त्या राणीचा असा राग आला म्हणून सांगू! शेवटी भाजी निवडता निवडता मी तडकले. "किल्ली असते कुणाकडे?"

"पहारेकऱ्याच्या कमरेला."

"तो दुपारी आडवा होत असेल ना? त्याला बायको असेल ना? तिला कुणी विचारलंत?"

हे ताडकन उठले. मग चपला न घालताच दुकानात गेले.

सातव्या दिवशी शेवटचं प्रकरण माझ्या हातात आलं. पहारेकऱ्याची बायको फटकळ, बडबडी, राग आला की भांडी आपटणारी. मला हसू आवरेना. बाई कुठून उचलली ते काय सांगायला हवं? तिने किल्ली काढली, कोठडी उघडली, राणीला गडाच्या दाराशी नेलं. पान उलटते तर ही बयासुद्धा दाराबाहेर. गेली राणीबरोबर. परत आलीच नाही.

"अहो, ही कशाला गेली? हिला घर होतं, नवरा होता!"

हे चष्मा पुसत राहिले. "त्याने तिला कधी काही विचारलंच नव्हतं. मला वाटलं, तिलाही जायचं असेल."

मी कागद नीट लावले. "राहू दे तसंच. उद्या देऊन या."

"तुला कुठे जायचं होतं का गं?"

दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, पण असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी रडायलाच लागले.