उपाशी बकऱ्याची कलेजी

कॉलेजच्या पहिल्या काही महिन्यांत मी खाटकाचा मुलगा आहे हे कुणी विचारलं नाही. मी सांगत फिरलो नाही आणि लपवलंही नाही. मग रसायनाच्या प्रॅक्टिकलला जीवरसायनाचे सात-आठ प्रयोग लागले. त्यांतला एक प्रयोग कलेजीतून ग्लायकोजन काढायचा होता. डेमॉन्स्ट्रेटर सरांनी फळ्यावर साहित्य लिहिलं, 'ताजे यकृत' या शब्दांखाली रेघ ओढली आणि वळून थेट माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं दुकानच आहे ना? उद्या अकराला घेऊन ये."

सगळा वर्ग हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. हसणाऱ्यांतले निम्मे रविवारी सकाळी पिशवी घेऊन आमच्याच दुकानापुढं उभे असायचे.

आम्ही मूळचे खर्ड्याकडचे. आजोबा गावचे मुलाणी होते, गावातली बकरी कापायचा मान त्यांचा. अब्बांनी नगरात येऊन मटणाचं दुकान टाकलं. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण अब्बांचा दिवस गिऱ्हाइकांत जायचा, त्यामुळं धंद्याचं काही निघालं की ते आपोआप मराठीवर यायचे. मी शिकावं असं त्यांना फार वाटायचं असंही नाही. इंटर पास झालास तर पुढं शिक, नाही झालास तर सुरी घे, एवढा साधा त्यांचा हिशेब होता. मला सुरीची लाज नव्हती. पण मला जीवरसायन आवडायला लागलं होतं, तेही असं की पुस्तक मिटवत नव्हतं. बकऱ्याच्या पोटातल्या ज्या वस्तू मी लहानपणापासून हातानं ओळखत होतो, त्यांच्यावर कुणीतरी पानंच्या पानं लिहून ठेवली होती. पित्ताची पिशवी फुटू न देता कलेजीपासून सोडवायला मी दहाव्या वर्षी शिकलो होतो. त्या पित्तात काय असतं ते मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, आणि त्या दिवशी मी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ते ऐकवलं.

तर दुसऱ्या दिवशी मी केळीच्या पानात बांधून कलेजी नेली. सर खिडकीपाशी नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि तिथूनच सूचना देत गेले. कलेजी कापायची, खलात बारीक करायची, पाण्यात उकळायची, गाळायची. गाळलेलं पाणी दुधट दिसायला हवं. त्यात स्पिरिट ओतलं की पांढरा साका बसतो, आणि त्यावर आयोडीनचे थेंब टाकले की तपकिरी लाल रंग येतो. रंग आला म्हणजे ग्लायकोजन मिळालं. स्पिरिटची बाटली कुलपातून निघायची आणि मोजून परत कुलपात जायची.

कापायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. सगळ्या टेबलांसाठी मीच कापली. माझं गाळलेलं पाणी दुधट झालं नाही, साकाही बसला नाही. आयोडीन टाकलं तर नुसता आयोडीनचा पिवळा रंग राहिला. शेजारच्या टेबलावर बघितलं, तिथंही पिवळा. त्याच्या पलीकडंही पिवळा. पण तासाच्या शेवटी सगळ्यांच्या जर्नलमध्ये 'तपकिरी लाल रंग आला' असं लिहिलेलं होतं, कारण मागच्या वर्षीच्या एका जर्नलमध्ये तसं होतं आणि ते जर्नल बाकाखालून सगळीकडं फिरलं होतं.

माझ्याकडंही ते आलं. मी ते पुढं सरकवलं आणि लिहिलं, 'रंग आला नाही.'

सरांनी सगळ्यांवर सह्या केल्या आणि माझं जर्नल उघडंच ठेवलं. "रंग आला नाही म्हणजे? बाकी सगळ्यांना येतो, तुलाच कसा येत नाही?"

"सर, कुणालाच आला नाही."

माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, किंवा त्यांना तो बसवायचा नव्हता. मग ते जे बोलले ते मी विसरलेलो नाही. "चांगली कलेजी गिऱ्हाइकाला विकली असशील आणि टाकाऊ इथं आणली असशील. पान फाड, नीट लिहून आण. तोवर सही नाही."

एका प्रयोगावर जरी सही नसली तरी जर्नल पुरं धरत नसत, आणि पुरं जर्नल नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. म्हणजे एका खोट्या ओळीवर माझं वर्ष अडलं होतं. लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण सर आमच्या दुकानाला खोटं म्हणाले होते. आता मी ती खोटी ओळ लिहिली असती तर आम्ही खोटे, हे खरं ठरलं असतं. माझं डोकं इतकं तापलं होतं की त्या दिवशी मी सायकल हातात धरून चालतच दुकानात गेलो.

अब्बा दुकान धुवत होते. मी सगळं सांगितलं. टाकाऊ म्हणाले हे ऐकल्यावर ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "त्या कलेजीत तुमाला काय शोधायचं हुतं?"

मी म्हणालो, "एक प्रकारची साखरच म्हणा. जनावर खातं त्यातली उरलेली शरीर कलेजीत साठवून ठेवतं."

अब्बा हसायला लागले. हातातली बादली त्यांनी खाली ठेवली. "मंग कशी सापडंल? ते बकरं जामखेडाकडनं तीन दिस चालत आल्यालं. वाटंत चार बाभळीच्या शेंगा खाल्ल्या असत्याल. हितं आल्यावर आपन त्याला दोन दिस उपाशी ठेवलं. पानी पाजलं, चारा न्हाई. साठवल्यालं समदं त्यानंच खाल्लं की."

कापायच्या आधी जनावराला चारा द्यायचा नाही, ही आमच्या धंद्याची रीतच. पोट भरलेलं असलं तर आतडं फुटतं आणि मटणाला घाण लागते. ही रीत मला पाठ होती. वर्गात हे माहीत असायला हवं असा मी एकटाच होतो, आणि मलाच ते सुचलं नव्हतं. पुस्तक हातात आलं की मी घरचं सगळं बाजूला ठेवायला शिकलो होतो, त्याची मला त्या घटकेला खरी लाज वाटली.

"चाखून बग कवा," अब्बा म्हणाले. "भरल्या पोटाची कलेजी गोड लागती. उपाशी जनावराची कोरडी, कडवट. गिऱ्हाईक म्हनतं, आज मजा न्हाई. आमाला म्हाईत असतं, का मजा न्हाई ते."

मग त्यांनी एक बकरं बाजूला बांधलं आणि त्याला चार दिवस लसूणघास आणि भिजवलेली ज्वारी घातली. शेजारच्या दुकानदारांनी त्यांची टिंगल केली, पोरगी द्यायची हाय का त्याला म्हणून. पाचव्या दिवशी पहाटे मी स्टोव्ह आणि पातेलं घेऊन दुकानामागं बसलो. कलेजी तशीच ठेवली की जनावर मेल्यावरही ग्लायकोजन कमी होत जातं, हे मात्र मी पुस्तकातून आणलं होतं. अब्बांनी कलेजी काढली तेव्हा पाणी खळखळत होतं, आणि तुकडे करून मी ती तिथल्या तिथं आत टाकली. पोट भरलेलं होतं, त्यामुळं आतड्याची व्हायची ती घाण झाली आणि अब्बा तास-दीड तास एकटेच ती निस्तरत बसले.

अकराला मी पातेलं घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि स्पिरिट मागितलं. सरांनी कुरकुर केली, पण कुलूप काढलं. गाळलेलं पाणी ताकाच्या निवळीसारखं दुधट होतं. साका बसला. आयोडीनचे दोन थेंब टाकले आणि रंग आला. सरांनी रुमाल खिशात घातला, परीक्षानळी माझ्या हातून घेतली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. खोटं कशाला बोलू, त्यांचा चेहरा उजळला होता. हा रंग बहुधा त्यांनीही पहिल्यांदाच बघितला असावा.

"छान. आता हे लिही आणि ते जुनं पान फाड."

मी पुढच्या पानावर नवा प्रयोग लिहिला आणि जर्नल उघडून दाखवलं. जुनं पान होतं तसंच होतं. त्याच्या खाली मी आदल्या रात्री लिहिलं होतं: 'रंग न येण्याचे कारण, जनावर उपाशी होते. माहिती देणार, माझे वडील, धंदा खाटीक.'

"असं जर्नलमध्ये लिहीत नाहीत. कुठल्या पुस्तकाचा आधार आहे?"

"पुस्तक नाही सर. वडील सांगतात."

"किती शिकलेत ते?"

"काहीच नाही."

"मग ही ओळ खोड. दोन्ही पानांवर सही करतो."

दोन्ही पानांवर सही मिळत होती आणि वर्ष वाचत होतं. मी म्हणालो, "नाही खोडणार. खोडायचीच असेल तर बाकीच्यांच्या जर्नलमधला रंग कुठून आला ते आधी विचारा. त्यांच्या खलातही तीच कलेजी होती. मीच कापून दिली होती."

मी जर्नल मागं घेतलं नाही. सरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी टाक उचलला आणि दोन्ही पानांवर सही केली. ओळ तशीच राहिली.

मी सायकल दामटत दुकानात आलो. सगळं जग जिंकल्यासारखं वाटत होतं. अब्बांच्या पुढं पान धरलं आणि कुठली ओळ त्यांची, ते बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ती वाचून घेतली, म्हणजे मी वाचली आणि त्यांनी ऐकली.

"अन् ही खाली सही कुनाची?"

"सरांची."

"सांगितलं मी," अब्बा म्हणाले, "अन् सही त्येची व्हय?"

इतका भांडून आलो होतो आणि हे माझ्या मनातही आलं नव्हतं. अब्बांनी धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि माझी दौत मागितली. अंगठा बुडवला, जास्तीची शाई दौतीच्या कडेला निथळली, आणि सरांच्या सहीशेजारी तो नीट दाबून उमटवला. शाई वाळेपर्यंत त्यांनी मला पान मिटू दिलं नाही. जर्नल परीक्षेला तसंच गेलं.