तो अजून वाटेत आहे

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकणार, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही कन्नडात. मराठी लिहायला वडिलांनी घरी शिकवलं. हे वाचणारं कुणी नाही, तरी मागून ठेवते.

मुलगा टोरांटोला शिकायला निघाला तेव्हा तिकिटाचे पैसे नणंदेनं दिले. ती आमच्याच गावात, चामराजपुरमला राहते, शाळेत शिकवायची. मुलगा तिला म्हणाला, "आत्या, नोकरी लागली की आधी तुझे फेडीन."

आमच्यात घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढत नाहीत. बेंगळूरूला गेलं तर दुपारपर्यंतचाच प्रश्न. तिकिटावर होतं, विमान पहाटे तीनला सुटणार, दुपारी साडेतीनला तो उतरणार. हे म्हणाले, "बारा-साडेबारा तास. संध्याकाळच्या आत झाडून होईल."

नणंद हसली. "अय्यो दादा, तिथलं घड्याळ मागं असतं! बावीस तास लागतात. वहिनी, आज केरसुणीला रजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, "आई, पोचलो." मग मी घर झाडलं.

तिसऱ्या वर्षी तिथं बर्फावर त्याची गाडी घसरली आणि तो गेला. नोकरी नुकतीच लागली होती.

त्याला आणायला किती वेळ लागेल ते कुणी सांगेना. अंतर तेवढंच, विमानंही तीच, पण कागद व्हायचे होते. आज निघेल, उद्या निघेल. तो या घटकेला कुठं आहे म्हणून डोळ्यांपुढं आणावा, तेच मला कळेना. माणसं येतील म्हणून शेजारणीनं केरसुणी उचलली. मी तिचा हात धरला.

"बेडा, नको. तो अजून वाटेत आहे."

मी चारचौघांत कधी मोठ्यानं बोलले नव्हते. शेजारणीनं केरसुणी कोपऱ्यात ठेवली. आलेली माणसं केरातच बसली, केरातूनच गेली.

तो आला. कावेरीकाठी सगळं झालं, घरही झाडलं. पण पोचलो असं या खेपेला कुणी म्हटलं नाही. अजून वरून विमान गेलं की झाडता झाडता माझा हात थांबतो. आवाज पार विरेपर्यंत मी तशीच ओणवी राहते.

नणंद म्हणाली, "वहिनी, ते पैसे सोडा. सुम्मने, उगाच मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "त्यानं ते वाटेसाठी घेतले. ते फिटेपर्यंत त्याची वाट संपायची नाही."

ती रडली, पण नाही म्हणाली नाही.

यांच्या पेन्शनीला मी हात लावला नाही. चटणीपुड्या केल्या आणि गावाच्या टोकाला बोगादीच्या नव्या घरांतून विकल्या. अनोळखी दारात उभी राहायची. पुडा पुढं करायची, भाव त्या बायकांनीच विचारायचा. साठेल तसं नणंदेकडे नेऊन द्यायची.

काल शेवटचे दिले. ती न मोजताच आत ठेवायला निघाली. मी तिला खाली बसवलं, मोजायला लावलं. पूर्ण होते.