गाळलेलं पाणी

चार टाळकी एका खोलीत कोंडली की अभ्यास किती होतो देव जाणे, पण किस्से मात्र ढिगानं साठतात. सांगलीत एम.एस्सी. करताना, सत्तर सालानंतरची ती वर्षं, आमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये तसंच झालं. आज हसत सांगतोय. तेव्हा हसायची सोय नव्हती!

*

सगळ्याचं मूळ म्हणजे आमचं अल्ट्रासॉनिकचं मशीन. मिलिटरीच्या भंगारातले रेडिओचे व्हॉल्व्ह आणून जोशी सरांनी जुळवलेलं. वर पाण्याची स्टीलची टाकी, तिच्या बुडाला वीज लागली की थरथरणारं क्रिस्टल. माणसाच्या कानाला टिपता येणार नाही इतक्या वरच्या पट्टीतला आवाज ते पाण्यात सोडायचं. पाण्यात बुडबुडे फुटायला लागले की तेवढं चर्र ऐकू यायचं.

मशीन चालू झालंय हे आमच्याआधी खिडकीखालच्या कुत्र्याला कळायचं! बटण दाबलं की ते भुंकलंच. पाहुण्यांना सर गंभीरपणे सांगायचे, "तो आमचा मीटर."

*

एकदा सरांच्या घड्याळाची तबकडी काळवंडली. "बघा रे, कशी लख्ख होते!" म्हणत त्यांनी ती सुटी करून चिमट्यानं टाकीत धरली. चर्र झालं. काळेपणा गेला. आकडेही गेले!

सरांनी तीच कोरी तबकडी परत बसवून घेतली आणि वर आम्हालाच सुनावलं, "काटे आहेत ना? मग झालं!"

*

आता भरत मगदूम. आष्ट्याचा. जैन घर, पेठेत दुकान, एकुलता एक. त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, निक्षून सांगितलेलं, "पयला वर्ग आला तर जा पुण्याला रिसर्चला. न्हाई तर दुकानाची किल्ली घ्यायची. बास!"

पहिला वर्ग लटकला होता प्रोजेक्टवर. आवाज पाण्याला ओढतो तेव्हा बारीकसा बुडबुडा फुगतो, दाबतो तेव्हा तो खाडकन मिटतो. मिटताना पाणी असं आदळतं की ॲल्युमिनियमच्या फॉइलला भोकं पडतात. पण पाण्यात हवा मुरलेली असली की बुडबुडा गादीवर पडल्यासारखा मऊ मिटतो, फॉइलवर ओरखडासुद्धा नाही. म्हणून भरत आदल्या दिवशीच पाणी उकळून, गार करून, टाकीत झाकून ठेवायचा.

*

परीक्षेला पुण्याचे परीक्षक आले. आदल्या वर्षी कुणी तरी उत्तरात "साधारण" म्हणालं, तर "मग साधारण मार्क देऊ का?" विचारणारे हेच! अण्णाही सकाळच्या एस.टी.नं आलेले. त्यांना लॅबमध्ये बसवून आम्ही सगळे परीक्षकांना आणायला गेटवर गेलो.

आलो, फॉइल बुडवली, भरतनं बटण दाबलं. कुत्रं भुंकलं. पण चर्र नाही! सोड्यासारखे बुडबुडे आरामात वर येत होते. फॉइल धडधाकट.

"भोकं कुठायत?" परीक्षकांनी विचारलं.

भरतची नजर दारापाशी गेली. तिथं अण्णा ओलं फडकं पिळत होते. टाकीतलं पाणी कालचं उकळलेलं, हे त्यांना भरतनंच बोलता बोलता सांगितलेलं; आणि उकळलेलं पाणी दिवस उलटल्यावर जैनांत चालत नाही. पोराचं काम शुद्ध पाण्यानं व्हावं म्हणून त्यांनी टाकी मोरीत ओतून, नळाचं ताजं पाणी फडक्यातून गाळून भरलं होतं. हवेसकट!

"हे उकळलेलं पाणी नाही. कुणी बदललं?" परीक्षक म्हणाले.

"मीच, सर," भरत म्हणाला. "हवेचं पाणी आधी दाखवायचं होतं. आवाज स्वतःच हवा बाहेर काढतो. थोडं थांबावं लागेल."

गड्यानं हे पुस्तकात वाचलेलं, करून कधीच बघितलं नव्हतं! आम्ही टाकीकडं बघत उभे. परीक्षकांनी वैतागून विचारलं, "जोशी, वाजले किती?"

सरांनी मनगटाकडं बघितलं. "सांगता येत नाही."

परीक्षक उठले. कागद आवरायला लागले. आणि टाकीतून चर्र आलं! भरतनं घाईनं नवी फॉइल धरली, बाहेर काढून खिडकीकडं केली. चाळणी झाली होती!

"हं," परीक्षक म्हणाले आणि परत बसले.

तेवढ्यात अण्णा पुढं आले. "सायेब, एक इचारू? ह्ये बुडबुडं फुटत्यात, तवा पाण्यातल्या जीवांचं काय हुतं?"

परीक्षकांनी सरांकडं बघितलं.

"अण्णा, म्हणून तर तुमी गाळून दिलंसा," भरत बोलून गेला. आणि जीभ चावली.

परीक्षकांनी ओल्या फडक्याकडं बघितलं, मग भरतकडं. पेन उघडलं, काही तरी लिहिलं, कागद घडी करून खिशात घातला आणि निघून गेले. निकाल लागायला अजून वेळ होता.

अण्णांनी फडकं झटकलं, नीट घडी घातली आणि भरतच्या हातात ठेवलं.

"घे. पुण्यात कोण गाळून देणार तुला?"